पाण्याची वाट आधी, फरशी मागून

पत्राचा गोषवारा : नव्या घरात राहायला येऊन पत्रलेखिकेला चार महिने झाले. घरापुढे गाडी उभी करायला आणि थोडं बसायला जागा आहे, मागे तीसेक फूट मोकळी जमीन आणि तिच्या कोपऱ्यात बांधकामाच्या आधीपासूनचं एक मोठं झाड. पुढे पेव्हर ब्लॉक, मागे हिरवळ आणि कडेनं झाडं असा बेत ठरला आहे. ठेकेदार म्हणतो, राडारोडा आहे तिथंच दाबू, वर दोन ट्रॉली लाल माती पसरून लेव्हल करू, पंधरा दिवसांत बाग तयार. दीड महिन्यानं घरी बरेच पाहुणे येणार आहेत, त्यामुळे पतींना हे पटलं आहे. 'जे दिसणारच नाही त्यावर पैसे कशाला घालायचे?' असं ते म्हणतात. पत्रलेखिकेनं मात्र मागच्या पावसात भिंतीलगत साचलेलं पाणी पाहिलं आहे, आणि रोपासाठी खड्डा घेतला तर वीतभर खाली विटांचे तुकडेच निघाले. त्यांना वाटतं, सगळी माती उपसून नवी भरावी. यावरून घरात रोज वाद होतात. 'मी उगाच बाऊ करतेय का? आणि करायचंच तर नेमकं किती?' असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही अगदी ओघात लिहून गेलात : 'मागच्या पावसात स्वयंपाकघराच्या भिंतीलगत पाणी तीन दिवस तसंच होतं.' मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. गवत कुठलं, ब्लॉक कुठल्या रंगाचे, हे सावकाश ठरवता येईल. पण जे पाणी तीन दिवसांत मुरलं नाही आणि वाहूनही गेलं नाही, त्याच्यावर माती पसरली म्हणून ते कुठं जाणार? तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. तुम्ही बाऊ करत नाही आहात.

मात्र सगळी माती उपसून टाकायची, हेही मला पटलेलं नाही. ते का, ते पुढे येईलच.

आधी माझ्या घरचं सांगते. आमचं घर उभं राहिलं तेव्हा मलाही अशीच घाई होती. पायासाठी भिंतीकडेनं खणलेला चर हाताला लागेल त्यानं भरला गेला आणि आठवड्याभरात वर फरश्या बसल्या. पहिल्या पावसाळ्यात काही जाणवलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीलगतची फरश्यांची रांग बोटभर खचली. बोटभरच, पण तेवढ्यानं उतार उलटा झाला आणि अंगणातलं पाणी घराकडे यायला लागलं. आतल्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल चढली, रंगाला फुगे आले. शेवटी फरश्या उचलल्या. खाली काय निघावं? सिमेंटचं अर्धं पोतं, कागदासकट दगड झालेलं. प्लास्टरची ढेकळं, तारांची भेंडोळी, रंगाचा चेपलेला डबा, आणि या सगळ्यांच्या मधे मूठ जाईल एवढ्या पोकळ्या. माती त्या पोकळ्यांत हळूहळू उतरत गेली आणि वरची फरशी तिच्यामागे गेली. चांगल्या बसलेल्या फरश्या फोडून, राडारोडा घमेल्याघमेल्यानं बाहेर काढून सगळं पुन्हा करावं लागलं. त्या दिवसांत मी स्वतःला जे बजावलं, तेच तुम्हाला सांगते आहे.

तुमचे पती विचारतात ते चूक नाही. पैसे मोजकेच असतात आणि ते दिसतील असे खर्चावेत असं कुणालाही वाटतं. फक्त त्यांनी प्रश्न थोडा वेगळा विचारावा. दिसणार काय आणि दिसणार नाही काय, याऐवजी असं विचारा : नंतर सहज बदलता येईल असं काय आहे, आणि फोडल्याशिवाय हात लावता येणार नाही असं काय? रोपं बदलता येतात, बाक बदलतो, दिवे बदलतात, हिरवळ उखडून दुसरी लावता येते. जमिनीचा उतार, पाण्याच्या आणि विजेच्या नळ्या, ब्लॉकखालचा भराव, भिंतीलगतची दाबाई, यांतलं काहीही नंतर बदलायचं म्हणजे वरचं सगळं उखडणं आलं. पैसे तोकडे असतील तर वरचं कमी करा, खालचं नको. निम्मी हिरवळ या वर्षी, निम्मी पुढच्या वर्षी असं चालतं. निम्मा उतार चालत नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

एखादा चांगला पाऊस लागला की दोघंही छत्री घेऊन बाहेर जा आणि अर्धा तास नुसतं पाहा. छताचं पाणी कुठं पडतं, तिथून कुठं वळतं, कुठं थबकतं, कुणाच्या हद्दीत जातं. सोबत फक्कीची पुडी नको, ती वाहून जाईल. खुंट्या घेऊन जा आणि पाणी थांबेल तिथं एकेक ठोकत जा. पाऊस नसेल तर नळीनं पाणी सोडून पाहा, पण खरं चित्र पावसातच दिसतं. अंदाज यावा म्हणून एक हिशेब देते. छत १००० चौरस फूट असेल आणि १ इंच पाऊस पडला, तर त्या छतावरून सुमारे २३०० लिटर पाणी खाली येतं. ते चार पाइपांतून उतरत असेल तर प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी जवळपास ६०० लिटर, आणि तेही भिंतीपासून वीतभर अंतरावर. तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीजवळ असा पाइप उतरतो का, ते आधी बघा. मला वाटतं, तो असणार.

मग ठेकेदाराच्या 'लेव्हल करू' या शब्दाला थांबवा. बागेच्या कामात सपाट जमीन ही चांगली गोष्ट नाही. डोळ्याला सपाट वाटावी आणि पाण्याला मात्र उतार कळावा, अशी जमीन आपल्याला हवी असते. घराच्या भिंतीपासून पहिल्या १० फुटांत मातीची जमीन ६ इंच तरी खाली उतरलेली असावी. ब्लॉक किंवा फरशी असेल तर १०० ला २ एवढा उतार पुरतो, म्हणजे १० फुटांत सुमारे अडीच इंच. गुळगुळीत फरशीवरून पाणी सहज सरकतं, मातीत आणि गवतात ते अडखळतं, म्हणून मातीला उतार जास्त.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, तीत पाणी भरा, मधे कुठं हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना ते नीट पाहा. तुम्ही एक टोक भिंतीशी धरा, पतींना दुसरं टोक घेऊन फाटकाशी उभं करा. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिर झालं की ते एकाच पातळीला असतं, मधे कितीही चढउतार असोत. आता दोघांनीही आपापल्या बाजूला पाण्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं. तुमच्याकडे ३० इंच आणि त्यांच्याकडे ३६ भरलं, तर फाटक ६ इंच खाली आहे. उलटं भरलं, तर पाणी घराकडे येतंय. दहा मिनिटांचं काम आहे, आणि वाद मिटवायला याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही, कारण आकडा दोघांच्याही डोळ्यांसमोर येतो.

याच वेळी भिंतीवर एक खूण करून ठेवा. जोत्यात ओल अडवणारा थर असतो. बाहेरची तयार जमीन, मग ती माती असो की ब्लॉक, त्या थराच्या ६ इंच खालीच थांबली पाहिजे. दोन ट्रॉली माती पसरण्यात मला सगळ्यात मोठा धोका इथं दिसतो. राडारोडा काढायचा नाही आणि वर भर घालायची, म्हणजे जमीन वर चढणार, ओल अडवणारा तो थर मातीखाली जाणार आणि भिंत पाणी ओढत राहणार.

पाणी घरापासून लांब नेलं की त्याला कुठंतरी पोचवावंही लागतं. शेजाऱ्याच्या कुंपणाखाली सोडणं हा पोचवण्याचा मार्ग नव्हे. जमीन पाणी पिणारी असेल तर शोषखड्डा करता येतो, पण पायापासून १५ फूट तरी लांब. जमीन पाणी पिते का, हे तपासून घ्या : मागच्या अंगणात फूटभर रुंद आणि फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, ते पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि आता पट्टी उभी लावून दर तासाला पाणी किती उतरलं ते लिहून ठेवा. पहिल्या वेळचं मोजमाप धरायचं नाही, कोरडी जमीन अधाशासारखी पिते. दुसऱ्या वेळी तासाला १ ते २ इंच उतरलं तर उत्तम. अर्ध्या इंचाहूनही कमी उतरलं तर तिथं शोषखड्डा म्हणजे नुसतं डबकं होईल. पाणी नळीनं किंवा उघड्या चरीनंच बाहेर काढावं लागेल. तुमचं तीन दिवसांचं पाणी मला या दुसऱ्या प्रकाराची शंका आणतं. पण तिथली माती जात्याच चिकट आहे की बांधकामाच्या गाड्यांनी ती दाबून टाकली आहे, हे खणल्यावरच कळेल. दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्या, एकावर जाऊ नका.

राडारोड्याचं बोलू. ठेकेदार तो दाबून टाकू म्हणतो. ब्लॉकखाली काय होतं ते मी माझ्या घरच्या गोष्टीत सांगितलंच. झाडांखाली वेगळं दुखणं होतं. सिमेंट आणि चुना मिसळलेली माती अल्कधर्मी होते. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग माणसं खत वाढवतात, पाणी वाढवतात, रोप बदलतात, आणि नवं रोपही तसंच पिवळं पडतं. वर्षानुवर्षं अशी एक रांग पिवळी पाहत बसलेली घरं मला माहीत आहेत, आणि खणलं की तिथंच बांधकामाच्या वेळी सिमेंट कालवलेलं निघतं. तुमच्याकडे माल कुठं कालवला जायचा, ते आठवा किंवा बांधकामावरच्या कुणाला विचारा. तेवढ्या जागेवरची पापडी तर मुळापासून खरवडून काढलीच पाहिजे.

बाकी ठिकाणी सरसकट खणत सुटायची गरज नाही. जमीन आदल्या दिवशी भिजवा. दुसऱ्या दिवशी एक पहार किंवा जाड सळई घेऊन दर ३ फुटांवर टोचत जा. मऊ गेली तर पुढे. 'टण्ण' आवाज आला, अडली, तर तिथं फक्कीचा ठिपका. तासाभरात अंगणाचा नकाशाच तयार होतो. ठिपके बहुधा दोन-तीन ठिकाणी दाटीनं दिसतात, कारण कामगार ढीग घालतात तेही ठरावीक कोपऱ्यांतच. तिथं खणा. झाडं लावायच्या पट्ट्यात दीड फुटापर्यंत जमीन साफ हवी, हिरवळीखाली फूटभर पुरे. ब्लॉकखालून प्लास्टिक, लाकूड, पोती, जिप्सम असं कुजणारं किंवा दबणारं सगळं निघालं पाहिजे. विटांचे आणि काँक्रीटचे स्वच्छ तुकडे बारीक करून तिथल्याच भरावात घालता येतात, त्यामुळे सगळंच गाडीत भरून पाठवावं लागेल असं नाही.

आता तुमच्या 'सगळी माती बदलू' या विचाराकडे. मला तुमची कळकळ कळते. खड्डा घेतला आणि विटा निघाल्या की जमीनच बिघडली असं वाटतं. पण वरच्या थरातली सुपीक माती इंचभर तयार व्हायलाही शेकडो वर्षं लागतात, आणि विकतची लाल माती कुठल्या टेकडीच्या पोटातून आली ते आपल्याला ठाऊक नसतं. शिवाय तिच्यातून लव्हाळा येतो. एकदा त्याच्या गाठी जमिनीत शिरल्या की पुढची कित्येक वर्षं तुम्ही तोच उपटत बसाल. तेव्हा आहे ती माती आधी ओळखा. मागच्या अंगणातली, वीतभर खोलीवरची माती घ्या, खडे-काड्या काढा, काचेच्या उभट बरणीत तिसरा हिस्सा भरा, बाकी पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. खूप हलवा आणि बरणी हलणार नाही अशी ठेवा. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू. दोन-एक तासांत तिच्यावर बसतो तो पोयटा. त्यानंतर दिवस-दोन दिवस पाणी गढूळ ठेवून शेवटी बसते ती चिकणमाती. तिन्ही थर बाहेरून पट्टीनं मोजता येतात. वरचा, चिकणमातीचा थर निम्म्याच्या आसपास भरला तर माती भारी आहे.

भारी माती वाईट नसते, ती फक्त संथ असते. तिच्यात थोडी वाळू मिसळायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका, अशी माती उलट आणखी घट्ट बसते. २-३ इंच कुजलेलं खत पसरून ते वरच्या ६-८ इंचांत नीट कालवा. वरून नवी माती टाकावीच लागली, तर आधी खालची जमीन कुदळीनं फोडा, नव्या मातीचा पहिला २-३ इंचांचा थर तीत मिसळा आणि मग उरलेली पसरा. कडक जमिनीवर सैल मातीचा थर नुसता पसरला की पाणी त्या दोघींच्या सांध्यावर अडतं, मुळंही तिथंच थबकतात. वरून माती कोरडी दिसते, खाली मुळं कुजत असतात.

आणि ही गोष्ट ठेकेदाराला तर सांगाच, पण घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या : तुमच्या अंगणातल्या दोन भागांना एकमेकांच्या उलट वागणूक हवी आहे. ब्लॉकखालची जमीन जितकी घट्ट तितकी चांगली. झाडांखालची जमीन सैल आणि श्वास घेणारी हवी. बहुतेक ठिकाणी एकच यंत्र सगळीकडून फिरतं आणि दोन्हींचं नुकसान होतं. म्हणून काम सुरू व्हायच्या दिवशीच दोरी आणि फक्कीनं आखून घ्या. हिरवळ आणि झाडांच्या पट्ट्यावर गाडी, खडीचा ढीग, सिमेंटची पोती, काहीही जाणार नाही. ढीग ब्लॉकच्या जागेवरच पडू देत. चांगली माती निघेल ती वेगळ्या ढिगात, कमरेपेक्षा उंच नाही, आणि वर झाकण. ओल्या जमिनीवर यंत्र येऊ द्यायचं नाही. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्यानं टोचा. गोळा सुटा झाला तर काम करायला हरकत नाही. नुसताच चेपला, तर त्या दिवशी यंत्र परत पाठवा.

ब्लॉकखालच्या थराचं थोडक्यात सांगते. पायवाटेला दाबून झाल्यावर ४ ते ६ इंच खडी-मुरमाचा थर, गाडी उभी राहणार तिथं ८ ते १२. हा थर एकदम ओतून वरून दाबला तर वरचे काही इंच तेवढे बसतात, खाली सैलच राहतं. ४ ते ६ इंचांचा एकेक थर, प्रत्येकावर पाणी शिंपडून धुमस किंवा कंपनयंत्र. भिंतीलगत पायाच्या चरावर तर दुप्पट लक्ष द्या. खालची माती भारी असेल तर ती आणि खडी यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) अंथरा, नाहीतर दोन पावसाळ्यांत खडी मातीत बुडते. सगळ्यात वर इंचभर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, इंचभरच. खालचा खळगा भरायला तिथं जास्त कच ओतून पातळी जुळवलेली दिसली, तर लगेच थांबवा. ब्लॉक पुढे खचणार तो नेमका तिथंच.

तुमच्या जुन्या झाडाबद्दल पत्रात अर्धंच वाक्य आहे, पण मला त्याची काळजी वाटते. त्याच्या खोडाची जाडी, म्हणजे घेर नव्हे तर आरपार रुंदी, छातीच्या उंचीवर मोजा. तिच्या बारा पट अंतर खोडापासून सगळ्या बाजूंना सोडायचं. १५ इंच जाडीचं खोड असेल तर १५ फूट. तेवढ्या वर्तुळात खणणं नाही, भर घालणं नाही, यंत्र नाही. पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात आणि त्यांनाही हवा लागते. वर फूटभर माती पडली की ती घुसमटतात. झाड लगेच काही दाखवत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंड्याच्या फांद्या वाळायला लागतात आणि तोवर माती टाकल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. वर्तुळ तुमच्या हिरवळीत येत असेल तर हिरवळ लहान करा. त्या सावलीत नाहीतरी गवत नीट येणार नाही; वाळलेला पाला पसरून ठेवा, झाडाला तेच आवडतं.

नळ्यांचं काम उरकून टाकण्यासारखं आहे, पण विसरलं की फार छळतं. सांडपाण्याची लाइन, पाण्याची लाइन, विजेची तार, गॅसची नळी, या कुठून जातात ते बांधकामाच्या नकाशावरून काढा आणि जमिनीवर वेगवेगळ्या रंगांनी आखा. त्यांच्या जवळ हातानंच खणायचं. चेंबरची झाकणं ब्लॉकखाली गाडू देऊ नका. प्रत्येक पायवाटेखालून ४ इंची एक रिकामा पाइप आडवा टाका, दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर, तोंडं झाकून. उद्या ठिबकची नळी किंवा दिव्याची तार न्यायची झाली तर तो कामाला येईल. आणि चर बुजवण्याआधी टेप धरून फोटो काढा, भिंतीपासूनचं अंतर फोटोत वाचता येईल असे.

आता घरातल्या वादाचं. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, ठेकेदार म्हणतो तसं पंधरा दिवसांत सगळं. पाहुण्यांना बाग दिसेल, आणि दोन पावसाळ्यांत मला जे दिसलं ते तुम्हालाही दिसेल, अशी भीती आहे. दोन, वर्षभर थांबून एक अख्खा पावसाळा जमीन आपोआप बसू देणं. नव्या घराच्या भरावाला हे खरोखरच सगळ्यांत मानवतं, आणि ज्यांना घाई नाही अशा वाचकांना मी हेच सांगेन. पण मुलं-माणसं असलेल्या घरात वर्षभर चिखल तुडवणं सोपं नाही, आणि पतींची इच्छाही अशी बाजूला सारू नये. म्हणून तुमच्यासाठी मी मधली वाट सुचवते. जमिनीखालचं सगळं आत्ता करा, सावकाश आणि नीट. वरचं ब्लॉक-हिरवळीचं काम पावसाळ्यानंतर. दीड महिना खालच्या कामाला पुरतो.

ठेकेदाराला वाईट समजू नका. त्याला माहीत असतं सगळं. विचारणारं कुणी नसतं आणि लोक दर कमी करायला लावतात, म्हणून तो हेच कापतो. त्याच्याशी भांडू नका, कागद मागा. 'जागेची तयारी' अशी एक ओळ आणि एक आकडा चालणार नाही. राडारोडा किती खोलीपर्यंत काढणार आणि कुठं टाकणार, उतार किती आणि कुठल्या दिशेला, भरावाचे थर किती इंचांचे, दाबाई कशानं, झाडाचं वर्तुळ कुठवर राखणार, हे प्रत्येक वेगळं लिहून आणि वेगळा दर लावून. भराव दाबून झाला की ब्लॉक बसवायच्या आधी थांबायचं, तुम्ही नळीनं उतार मोजायचा, वर भरपूर पाणी सोडून पाहायचं, मगच पुढचा हप्ता. दोन ठेकेदारांकडून असा कागद आणा आणि पतींबरोबर बसून ओळीला ओळ लावून वाचा. ज्यांचा आकडा कमी होता त्यांच्या कागदात काय नाही, ते तुम्हाला शोधावं लागणार नाही.

हरळी आणि तणाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्याला वेळ मिळाला तर ते अर्धं आपोआप होतं. हिरवळीची जागा साफ झाली आणि उतार राखून सारखी केली की भिजवून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरा, कडा मातीनं दाबा आणि कडक उन्हात ४ ते ६ आठवडे तशीच राहू द्या. काळं नको, पारदर्शकच. तणाचं बरंचसं बी आतल्या आत भाजून निघतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र यातून वाचतात, त्या हातानंच काढाव्या लागतात.

राहता राहिले पाहुणे. पुढच्या जागेचा भराव तोवर दाबून झालेला असेल. त्यावर इंचभर बारीक खडी पसरा, कडेचे दगड आत्ताच बसवून घ्या म्हणजे ती इकडेतिकडे जाणार नाही. तिच्यावर गाडी उभी राहते, खुर्च्या बसतात, पावसाची सर आली तरी चिखल होत नाही. ब्लॉक बसवायच्या वेळी तीच खडी मागच्या पायवाटेला जाईल. भिंतीकडेनं मोठ्या कुंड्या ठेवा, पुढे जमिनीत लावायची आहेत त्याच रोपांच्या. तेवढ्या दिवसांत ती घराच्या उन्हाला सरावतील. मागच्या अंगणात प्लास्टिक अंथरलेलं असेल, ते असू द्या. कुणी विचारलं तर पतींनाच सांगू दे, नळीचं दुसरं टोक धरून तोवर त्यांनाही तुमच्याइतकंच ठाऊक झालेलं असेल. आणि पहिला मोठा पाऊस झाला की स्वयंपाकघराच्या त्या भिंतीपाशी काय दिसलं, ते मला नक्की कळवा.